श्रीपादरावांची टाळी

"गाण्यातलं आपल्याला कोणी शिकवू नये!" श्रीपादराव भर दप्तरात छातीवर हात मारून म्हणाले. "साहेबांच्या बाईंना अशी दाद देतो, की आपल्या बदलीचं नावच निघणार नाही. लिहून घ्या!"

"भिया, ते चर्चमधलं गाणं आहे," शेजारच्या टेबलावरचे गजाननराव खास इंदुरी थाटात म्हणाले. "तिथे जरा संभालके!"

"अहो, सूर इथूनतिथून सातच!"

नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरच्या दप्तरांतली माणसं एकेक करून तिकडे रवाना होऊ लागली. श्रीपादरावांचा जीव मात्र जुनी इंदूर या मोहल्ल्यात गुंतलेला. तिथलं घर, तिथलं भजनी मंडळ आणि दर गुरुवारची आरती. त्यांच्या टाळीवाचून त्या आरतीचा ठेका जमत नसे. भोपाळ म्हटलं की त्यांना हुडहुडी भरे! अशात नाताळच्या गाण्यांना डेव्हिडसाहेबांनी सगळ्या दप्तराला चर्चमध्ये बोलावलं. गाणाऱ्यांच्या प्रमुख खुद्द साहेबांच्या बाई. ही संधी सोडतील तर ते श्रीपादराव कसले!

संध्याकाळी कोट-टोपी चढवून ते पत्नी अरुंधतीबाईंसह पोचले आणि चर्चच्या दारात सवयीने बूट काढू लागले.

"अहो, बाकीचे घालूनच चाललेत!" अरुंधतीबाई कुजबुजल्या.

"देवाचं घर आहे ना? मग!"

एका मोज्याला भोक निघालं, म्हणून मोजेही काढले. पुढच्या बाकापर्यंत जाताजाता पायांची कुल्फी झाली.

गाणं सुरू झालं. वर एक सूर, खाली तिसराच, आणि तरी सगळे सख्ख्या भावंडांसारखे नांदत होते! श्रीपादरावांना खरंच भरून आलं. इतक्यात एका मुलीने वरचा सूर धरला आणि काही केल्या सोडीना. श्रीपादरावांच्या मांडीवर आपोआप थाप पडली.

"क्या बात है! जियो!"

सगळं चर्च वळून बघू लागलं. पाद्रीबाबांच्या भुवया पार कपाळात गेल्या. अरुंधतीबाईंनी असा चिमटा काढला, की दुसरी दाद निघता निघता राहिली.

"गेला भोपाळला!" मागच्या बाकावरून गजाननरावांचा उसासा आला.

श्रीपादराव तोंडाला कुलूप लावून बसले. शेवटी मोठं गाणं सुरू झालं आणि काय आश्चर्य, सगळे लोक उठून उभे राहिले! श्रीपादरावांचा चेहरा उजळला. गाणं चालू, देव समोर आणि सगळे उभे! म्हणजे आरती! आता आपल्याला कोण शिकवणार?

त्यांनी टाळी धरली. अरुंधतीबाईंचेही हात नकळत जुळले. बाईसाहेबांचा ताल देणारा हात हवेतच थबकला. साहेब लालेलाल झाले. आणि तेवढ्यात पायपेटीचा भाता फाटला! फुस्स! पेटी गप्प झाली तसे गाणारे बिथरले. कोणी पुढे पळालं, कोणी मागे राहिलं. सगळ्या चर्चमध्ये एकच गोष्ट ढळली नाही, ती म्हणजे श्रीपादरावांची टाळी!

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहून जोरात मान हलवली. चालू दे! त्या टाळीवर त्यांचा हात पुन्हा फिरू लागला. पांगलेले आवाज एकेक करून परत आले. मागच्या बाकांनीही टाळी धरली, त्यात गजाननराव सगळ्यांत जोरात. शेवटचा सूर असा दणदणीत लागला, की पाद्रीबाबाच "वाह!" म्हणून गेले.

बाहेर साहेबांनी श्रीपादरावांना मिठीच मारली.

"श्रीपादजी, आपने लाज रख ली! और ये नंगे पाँव, इतनी श्रद्धा!"

"साहेब, बस आपली कृपा," श्रीपादराव लाजत म्हणाले. आता मागून टाकावं. "एवढंच, की मला इथून कुठे..."

"अरे, वही तो कह रहा हूँ! मेरा खुद का भोपाल ट्रान्सफर हो गया. वहाँ मॅडम नई मंडली बनाएँगी, और आपके बिना ताल कौन देगा? सच कहूँ, आपका नाम तो लिस्ट में था ही नहीं. अब कल सुबह मैं खुद डलवाता हूँ!"

गुरुवारी जुनी इंदूरमध्ये आरती झाली. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. श्रीपादराव मात्र दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे होते.

"अहो, वाजवा की!" अरुंधतीबाई म्हणाल्या. "जायचं ते आता जायचंच आहे!"

"नको गं बाई," श्रीपादराव म्हणाले. "अजून कोणीतरी खूश व्हायचं!"