फळ्याकडे पाठ करून बसणारे डिप्टी

खोडके डिप्टी शाळा तपासायला आले की फळ्याकडे पाठ करून बसत. त्यांच्यासाठी खास हातांची खुर्ची मांडलेली असे. ती ते स्वतः उचलून कोपऱ्यात ठेवत आणि तरटपट्टीवर पोरांकडे तोंड करून मांडी घालत. "चालू द्या मास्तर," ते म्हणत, "तुमचं मले ऐकू येते. पाह्याचं ते मी इकडं पाह्यतो." शिकवणाऱ्याला दिसायचा तो फक्त साहेबांचा फेटा. फेट्याकडे पाहून शिकवणं किती अवघड असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

तेव्हा हुकूम नागपूरहून सुटत आणि आम्हा वऱ्हाडातल्या मास्तरांपर्यंत ते डिप्टींच्या दमणीतून, म्हणजे छपराच्या बैलगाडीतून, येत. मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास झालेल्या नव्या मास्तराने एक वर्ष चांगल्या शाळेत हेडमास्तरांच्या हाताखाली शिकायचं, अशी आमच्या भागात पद्धत होती. हेडमास्तरांनी त्याचे पाठ पाहायचे आणि चुका वहीत लिहायच्या. ही शिकवण नीट होते की नाही, हे खोडके तपासत. गोऱ्या साहेबाशी ते फाडफाड इंग्रजी बोलत, पण मास्तरांशी आणि पोरांशी आपली वऱ्हाडीच.

वह्या तर ते अशा वाचत की हेडमास्तरांना घाम फुटे. मोताळ्याकडच्या एका हेडमास्तराने वर्षभराची वही एका बैठकीत लिहून काढली होती. खोडक्यांनी पानं उलटली, एका तारखेवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "या दिवशी तर पोळा होता. शाळा बंद. तुमी पाठ कोनाचा पाह्यला, बैलाचा?"

आमच्या हेडमास्तरांना, म्हणजे वानखड्यांना, असली भीती नव्हती. त्या वर्षी त्यांच्या हाताखालचा नवा मास्तर मी होतो, आणि त्यांची वही खरी होती. माझ्या चुका त्यांनी त्याच दिवशी, त्याच शाईत लिहिल्या होत्या, आणि त्या काही कमी नव्हत्या. नवे मास्तर घडवणारी शाळा म्हणून खामगाव तालुक्यात आमचं नाव होतं. ते टिकतं की जातं, आणि मी कायम होतो की आणखी एक वर्ष लटकतो, हे खोडक्यांच्या एका शेऱ्यावर ठरायचं होतं.

म्हणून मी गाढवपणा केला. हेडमास्तरांना न सांगता कपाशीच्या झाडाचा पाठ दुसरीच्या वर्गाकडून तीन दिवस घोटून घेतला.

तपासणीच्या दिवशी पाठ कसा घोड्यासारखा धावला. पोरं पटापट उत्तरं देत होती, मी मनातल्या मनात फुगत होतो. एवढ्यात खोडक्यांनी न वळता हात वर केला. "थांबा मास्तर. ही मधली पोरगी तुमच्या आंधी तुमचे प्रश्न बोलून राह्यली."

सगळ्या वर्गात ती एकटीच ओठ हलवत होती, बिचारी. मी तोंड उघडणार तोच मागे उभे असलेले वानखडे हेडमास्तर पुढे आले. "साहेब, पाठ घोटला असेल तर दोष माझा. मास्तर माझ्या हाताखालचा आहे." मला इतकी शरम वाटली की त्यांच्याकडे पाहवेना.

खोडके उठले. फेटा नीट केला. "बरं. आता पाठ मी घेतो. मास्तर, हेडमास्तरांनी शिकोलं तसं पाहा, अन् मंग माही चूक सांगा."

त्यांनी विहिरीच्या मोटेचा पाठ घेतला. काय सांगू, पोरं पापणी लववायची विसरली. पाठ संपला तशी दाराशी जमलेले शाळेतले बाकीचे मास्तर "वा साहेब, वा" करू लागले. खोडके माझ्याकडे पाहत होते. हेडमास्तरांनी मला खूणसुद्धा केली नाही.

"साहेब," मी म्हणालो, "प्रश्न विचारून तुम्ही थांबला नाहीत. तीनदा उत्तर तुम्हीच दिलंत."

"मीच देल्लं?" खोडके म्हणाले. "तीनदा?" मग ते हळूच पट्टीवर बसले. "हाव. देल्लं खरं. डिप्टी झाल्यापासून मले कोनी चूक सांगत नाई हो. सारे वा वा करतात. घरी एक होती, रात्रंदिवस माह्या चुका काढे. ती बी गेली."

शेरा त्यांनी तिथेच लिहिला. 'हेडमास्तरांची शिकवण उत्तम. नवा मास्तर डोळसपणे पाहतो व खरे बोलतो. यास कायम करावे. पुढेही नवे मास्तर येथेच पाठवावेत.' वानखड्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मला एवढंच म्हणाले, "पुन्हा पाठ घोटशील तर याद राख." त्या दिवशी त्यांचा शिष्य म्हणून माझी छाती जी फुगली, ती आजही पुरती उतरलेली नाही.

मी कायम झालो. माझी तपासणी करायचं कारण उरलं नाही. तरी पिंपळगाव राजाकडे जाताना खोडक्यांची दमणी दरवर्षी आमच्याकडे वळे. "एक पाठ घेतो. ऐकसान ना?" ते विचारत. ते शिकवत, मी चुका सांगे, ते मान डोलावत. वर्षागणिक चुका कमी होत गेल्या.

पेन्शनीत निघायच्या वर्षी त्यांनी घेतलेल्या पाठात मला एकही चूक सापडली नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. मी म्हणालो, "साहेब, आज आवाज जरा बारीक होता. मागच्या पोरांना ऐकू गेला नसेल."

आवाज खणखणीत होता.

"हाव," ते खूश होऊन म्हणाले, "वय झालं आता." आणि तेच पुटपुटत दमणीत जाऊन बसले.