साळूबाईंना दिलेला शब्द

एका जंगलात, मुलांनो, झिपरोजी नावाचा एक अस्वलराजा होता. नीट बसा, गोष्ट लहान आहे.

झिपरोजी स्वभावाने वाईट नव्हता. त्याला दोनच गोष्टी आवडत: मध आणि होकार. त्याचा दरबार एका जुन्या उंबराखाली भरे. उंबरावर मधाची सात पोळी होती, म्हणून राजाला दुसरी जागा सुचतच नसे.

एके दिवशी साळूबाई दरबारात आल्या. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण बोलणं मऊ. माती उकरणं हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यामुळे कोणाच्या पायाखाली काय चाललंय ते त्यांना आधी कळे.

"महाराज, वाळवीने उंबराची मुळं पोखरलीत," त्या म्हणाल्या. "दरबार हलवा. इथे सगळ्यांचीच पिल्लं खेळतात."

राजाने वर पोळ्यांकडे पाहिलं. मग राघोपंतांकडे पाहिलं. राघोपंत म्हणजे दरबारातला पोपट. राजाला लागतील ते शब्द पुरवणं हे त्याचं काम.

"राघोपंत, असं बोलणाऱ्याला काय म्हणतात?"

"विरोधक, महाराज."

"म्हणजे?"

"जो तुमच्या विरुद्ध बोलतो तो."

"मी तर झाडाबद्दल बोलले," साळूबाई म्हणाल्या.

"झाड महाराजांचं आहे," राघोपंत म्हणाला.

शब्द सगळ्यांनाच आवडला. आणि काय उपयोगी! पूर्वी कोणी प्रश्न विचारला की उत्तर शोधावं लागे. आता नुसता शब्द उच्चारला की काम होई.

साळूबाईंना सावलीबाहेर उन्हात उभं केलं. सशाने भीत भीत विचारलं, "पण मुळं कोणी पाहिली का?" ससा बाहेर. हरणीने काही न बोलता आपलं पाडस सावलीतून उचलून नेलं. हरणी विरोधक, पाडस बालविरोधक. एका म्हाताऱ्या गव्याला भर दरबारात जांभई आली. ती कोणत्या बाजूची, यावर बराच खल झाला. शेवटी खबरदारी म्हणून गवाही बाहेर.

महिन्याभरात सावलीत दोघंच उरले. राजा खाली, राघोपंत फांदीवर. सगळे ठराव एकमताने होऊ लागले.

एका दुपारी वारा सुटला. उंबर करकरला. राजाला पाठीमागे बुंधा हलल्यासारखा वाटला.

"राघोपंत, हे झाड..."

"झाडाबद्दल काही म्हणायचंय, महाराज?" राघोपंताने अदबीने विचारलं.

राजाला घाम फुटला. आपणच आपले विरोधक ठरलो तर?

"काही नाही," तो म्हणाला. "छान आहे झाड."

आणि उंबर आडवा झाला.

राघोपंत उडाला. राजा फांद्यांखाली अडकला, आणि वरून सात पोळ्यांच्या माश्या. बाकी सगळं जंगल उन्हात उभं होतं, म्हणून वाचलं.

साळूबाई धावल्या. माश्या चावत होत्या तरी त्या संध्याकाळपर्यंत माती उकरत राहिल्या. गव्याने फांदी उचलून धरली. सुजलेला राजा बाहेर निघाला आणि लहान पोरासारखा रडला.

"साळूबाई, मी चुकलो. तो शब्द आजपासून बंद. तुम्ही माझ्या हितचिंतक. उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं."

साळूबाईंचे डोळे भरून आले. असं त्यांच्याशी दरबारात कोणी कधी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दरबार एका आंब्याखाली भरला. त्यावर नऊ पोळी होती. साळूबाई राजाला लागून बसल्या. बसता बसता सवयीने त्यांनी थोडी माती उकरली. आत वाळवी होती.

"महाराज, याचीही मुळं..."

राघोपंत त्यांच्या कानाशी वाकला. "बाई, हितचिंतक म्हणजे चांगलं चिंतणारा. आणि तुम्ही असं चिंतता?"

राजा सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता. मोठ्या विश्वासाने बघत होता. साळूबाईंना त्याचं मन मोडवेना.

"याचीही मुळं छान आहेत," त्या म्हणाल्या, आणि उकरलेली माती त्यांनी पायाने हळूच सारखी केली.

तात्पर्य: मुलांनो, विरोधकाला कधीही हाकलू नये. तो बाहेर उभा राहून खरं बोलत राहतो. त्याला प्रेमाने शेजारी बसवावं आणि एक गोड नाव द्यावं. मग तो आपणहूनच गप्प बसतो.