कामकाजात अडथळा नाही

१९७४ साली नागपूरच्या दुरुस्ती नियोजन कार्यालयातले हेडक्लार्क गिरिधरराव कामाच्या वेळेत रडू लागले. आवाज नसे. मान खाली, पेन चालू आणि डोळ्यांतून पाणी. त्यांची मुलगी काविळीने गेली होती. कार्यालयाने रीतसर उभे राहून, दोन मिनिटे शांतता पाळून शोक व्यक्त केला होता. म्हणजे कार्यालयापुरता तो विषय निकाली निघाला होता. निकाली निघालेल्या विषयावर पुन्हा रडण्याची नियमांत तरतूद नव्हती.

सहकारी चांगले होते. कोणी साबूदाण्याएवढ्या गोड गोळ्या आणून दिल्या, कोणी पोटावर मातीचा लेप सुचवला. प्रताप नगरातले एक गृहस्थ म्हणे नजरेला नजर लावून दुःख उतरवत. त्यांचा पत्ता टायपिस्टबाईंनी स्वतःहून टाइप करून दिला. गिरिधररावांनी सगळ्यांचे आभार मानले आणि रडत रडत पुढचा मसुदा हाती घेतला.

प्रकरण साहेबांपर्यंत गेले. मार्तंडराव हे पुढारलेल्या विचारांचे अधिकारी होते. त्यांनी रामदासपेठेतल्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. डॉक्टरांनी समजावले, की काही जणांना गोळ्या लागतात, काहींच्या सवयी हळूहळू बदलाव्या लागतात, काहींना चारचौघांत बोलून बरे वाटते, आणि पुष्कळांना एका माणसाने नीट ऐकून घेतले तरी पुरते. पाठवावे कधी, असे साहेबांनी विचारले. त्रास लांबत चालला आणि झोप, जेवण, कामकाज यांत अडथळा येऊ लागला, की वाट पाहू नका, असे उत्तर आले.

साहेबांनी गिरिधररावांचे मसुदे मागवून तपासले. एकही चूक नव्हती. कामकाजात अडथळा नाही, सबब डॉक्टरकडे पाठवण्याचे कारण नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मात्र ऐकून घेण्याचा उपचार कार्यालयातच उपलब्ध करून द्यावा, त्यासाठी कॅशियर चंपतराव यांची निवड होत आहे, असा आदेश निघाला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर दोघे रेकॉर्ड रूममध्ये समोरासमोर बसले. चंपतराव म्हणाले, "बोला."

गिरिधररावांनी बराच वेळ शब्द जुळवले. "पोरगी गेली तवापासून घरात..."

"समजते मले," चंपतराव म्हणाले. "माह्यं बी तसंच होऊन राहिलं गा."

आणि त्यांनी थोरल्या भावाने घराच्या मधोमध भिंत कशी घातली, विहीर पलीकडे कशी गेली, वहिनी सणालाही कशी बोलत नाही, हे साद्यंत सांगितले. गिरिधररावांच्या डोळ्यांना धार लागलेलीच होती. चंपतराव पाहतच राहिले. आपल्यासाठी इतके कोणी रडल्याचे त्यांना आठवत नव्हते. बाहेर आले ते अगदी हलके होऊन, आणि उपचार गुणकारी असल्याचे त्यांनी साहेबांना कळवले.

पुढच्या बुधवारी टायपिस्टबाई आल्या. मग आवक शाखा आली, जावक शाखा आली. एके दिवशी स्वतः मार्तंडराव दार लोटून आत आले आणि मुंबईला गेलेला मुलगा पत्र लिहीत नाही, हे सांगता सांगता खुर्चीतच खचले. गिरिधररावांचे डोळे वाहत होते. साहेबांनी त्यांचा हात दाबला आणि दुसऱ्याच दिवशी आदेश काढून त्यांना इतर सर्व कामांतून मोकळे केले. आता त्यांनी फक्त रेकॉर्ड रूममध्ये बसायचे होते.

गिरिधररावांची झोप उडाली. भूक मेली. घरी ताटावर बसत आणि भाताकडे बघत राहत. शेवटी त्यांची बायको वच्छला म्हणाली, "दुनियेचं ऐकून राहिले तुमी. तुमचं कोन ऐकते?"

"तूच सांग वं, कोनाले सांगू?"

"मले सांगता येत नसन तर त्या डाक्टरले सांगा."

त्यांनी रजा मागितली. साहेबांनी आस्थेने विचारपूस केली. झोप नाही, जेवण नाही, हे त्यांना पटले. पण कामकाजात अडथळा कुठे आहे? सध्या गिरिधररावांचे काम रडण्याचे होते, आणि ते तर पूर्वीपेक्षा चांगले चालले होते. रजा नामंजूर झाली.

तेव्हा वच्छलाबाईंनी रविवारी सायकलरिक्षा बोलावली आणि नवऱ्याला रामदासपेठेत डॉक्टरांच्या घरी नेले. डॉक्टरांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि विचारले, "मुलीचं नाव काय होतं?"

गिरिधररावांनी नाव सांगितले. घरात कितीतरी दिवसांत ते कोणी उच्चारले नव्हते. वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग ते बोलत गेले, आणि डॉक्टर मध्ये एकदाही "माझंही तसंच" म्हणाले नाहीत. झोपेसाठी थोडे दिवस गोळ्या दिल्या आणि दर रविवारी यायला सांगितले.

थंडी सरेपर्यंत गिरिधरराव जेवू लागले, झोपू लागले. रडू अजून यायचे, पण आले तसे ओसरायचे. बुधवारी ते रेकॉर्ड रूममध्ये कोरड्या डोळ्यांनी बसले. चंपतरावांनी आपले गाऱ्हाणे सांगता सांगता विहिरीपाशी पोचून वर पाहिले, तर समोर नुसताच एक शांत माणूस.

तक्रारींचा ओघ सुरू झाला. हेडक्लार्क पूर्वीसारखे मन लावत नाहीत, असा सर्वांचा सूर होता. "पयले किती चांगला मानूस होता," चंपतराव साहेबांपुढे हळहळले. "डाक्टरनं पार बिघडवला." कामकाजात प्रथमच अडथळा आल्याचे साहेबांनी मान्य केले. गिरिधररावांची वाशीमला बदली झाली, आणि परवानगीवाचून परस्पर बरे होऊ नये, असे परिपत्रक सर्व शाखांत फिरले.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. सगळे कळवळून ऐकतात. काही जण डॉक्टरांचा पत्ता विचारतात, बरेच जण गिरिधररावांचा विचारतात, कारण त्यांना आपले थोडे सांगायचे असते. त्या मुलीचे नाव काय होते, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. तुम्हीही नाही.