ओव्हिड पेल्टिएला फोन करा

मर्टल डेरोझिए सकाळपासून स्वयंपाकघरातल्या फोनला चिकटून होती. एका हातात पळी, दुसऱ्या हातात रिसीव्हर. शेगडीवर मेपलचा पाक घातलेलं बीन्सचं मडकं रटरटत होतं. बाहेर, वर आभाळात कुणीतरी संथपणे उशी उसवत बसावं तसा बर्फ उतरत होता. आणि मर्टल एकाच वेळी मडकंही ढवळत होती आणि राज्यही.

"क्लेटन, ओव्हिडला फोन केलास?"

"ओव्हिडला? अगं, शनिवारी चर्चच्या जेवणाला माझ्या शेजारीच तर बसला होता."

"मग विचारलंस, कुणीकडे मत देणार म्हणून?"

"जेवताना? राजकारण?" क्लेटन हॉब्स दुखावलाच. "मर्टल, माझ्या आईनं मला काही वळण लावलंय."

"म्हणूनच म्हणते, फोन कर. आणि फोन केलास की पुढच्या दोघांना करायला लाव. तो उचलेपर्यंत सोडू नका."

उद्या राजधानीत विधेयकावर मतदान होतं. यापुढं बंदूक कुणी कुणाला परस्पर द्यायची नाही, सख्ख्या माणसालासुद्धा नाही, असं त्यात म्हटलं होतं. दोघांनी परवाना असलेल्या बंदुकीच्या दुकानात जायचं, दुकानदारानं चौकशी करायची, आणि मग दुकानदारानंच ती गल्ल्यावरून पलीकडे सरकवायची. गावच्या शिकारी मंडळाची चिटणीस म्हणून मर्टलनं याविरुद्ध बरीच भाषणं केली होती. भाषणात ती घटना, हक्क, स्वातंत्र्य असे मोठे शब्द वापरायची. मनात मात्र एकच चित्र असायचं. वडिलांची हरणाची रायफल, स्वतःच्या घराचा व्हरांडा आणि समोर उभी असलेली बहिणीची लेक नोएला. वडिलांनी जशी तिच्या हातात ठेवली, तशीच तिला ती नोएलाच्या हातात ठेवायची होती. घाटापलीकडच्या दुकानातल्या, च्युइंगम चघळणाऱ्या अनोळखी पोराच्या हातून नाही.

मतं काठावर होती, आणि त्या काठावर गावचा आमदार ओव्हिड पेल्टिए बसला होता.

न्यू हॅम्पशायरच्या विधानसभेत चारशे माणसं आणि आमदाराचा वर्षाचा पगार शंभर डॉलर. त्यामुळं आमदाराला पोटासाठी दुसरं काहीतरी करावंच लागतं. ओव्हिड उन्हाळ्यात विहिरी खणायचा आणि हिवाळ्यात ट्रकच्या तोंडाला पोलादी पातं लावून लोकांच्या अंगणातला बर्फ लोटायचा. माणूस देवासारखा, पण बोलायला कंजूष. काहीही विचारा, "हं." त्या "हं"चे अर्थ लावण्यात गाव हिवाळे काढत असे.

त्या सकाळी ओव्हिड ट्रकमध्ये होता. मोबाइल समोर ठेवलेला. डोंगराच्या कुशीत त्या फोनवर आवाज कधीच येत नसे. एकदा घुंई करायचा, कुणाचं तरी नाव झळकायचं आणि विझायचं. निरोप कसे ऐकायचे, हे ओव्हिड कधी शिकलाच नव्हता. तशी गरजही नव्हती. बर्फाच्या दिवशी ओव्हिडला फोन येतो तो एकाच कामासाठी.

घुंई. क्लेटन हॉब्स.

'क्लेटनचा नवा ट्रॅक्टर बंद पडला वाटतं,' ओव्हिडच्या मनात आलं. 'बिचारा. तोंडानं सांगायला लाजत असेल.' आणि त्यानं ट्रक वळवला.

थोड्याच वेळात मर्टलचा फोन खणखणला.

"मर्टल! तो आला की गं!"

"कोण?"

"आपला ओव्हिड! फोन करून मी कॉफी ओततोय तोवर दारात हजर. अख्खं अंगण चाटून पुसून साफ केलं. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. तर त्यानं काचेतून हात वर केला."

"कसा वर केला? नीट सांग."

"असा. सगळी बोटं."

"म्हणजे आपल्या बाजूनं!" मर्टलनं पळी मडक्यात सोडून दिली. "क्लेटन, थांबू नका. आणखी लोकांना करायला लावा!"

बर्फ जितका पडला नाही, तितके फोन पडले. मंडळाच्या एकेका सभासदाच्या अंगणात ओव्हिड उतरला. कुणी त्याला कॉफी दिली, कुणी पाठीवर थाप मारली, आणि प्रत्येकाला तो म्हणाला, "हं." असा लोकप्रतिनिधी उभ्या राज्यात नाही, यावर गावाचं एकमत झालं. फोन करा, आमदार पातं घेऊन येतो, ही बातमी टेकडीवरच्या कुंभारकाम करणाऱ्या जोडप्यापर्यंत पोचली. त्यांनी आयुष्यात मासासुद्धा पकडला नव्हता. त्यांनीही बंदुकीच्या हक्कासाठी कळकळीनं फोन केला. त्यांची वाट फार चढणीची होती.

दुपारी क्लेटनचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज पडलेला.

"मर्टल, वाईट बातमी. तो प्रूडन्सबाईंच्या अंगणात आहे."

प्रूडन्स व्हिटकम ही गावची निवृत्त मास्तरीण. निम्म्या गावाला तिनं पाढे शिकवले होते, ओव्हिडलाही. आणि विधेयकाच्या बाजूनं गावात जी काही मोजकी मंडळी होती, त्यांची ती म्होरकी. तिनंही ओव्हिडला फोन केला होता.

"त्यांचं अंगण आपल्यापेक्षा नीट काढतोय," क्लेटन म्हणाला. "कडेकडेनं. पायऱ्यांवरचं फावड्यानं."

मर्टलनं मडक्यावर झाकण आपटलं. "फितूर झाला! क्लेटन, सगळ्यांना परत फोन करायला सांग. पहिल्यापासून!"

तिचा घसा एव्हाना गंजलेल्या बिजागरीसारखा वाजत होता, तरी तिनं फोनच्या साखळीचं चाक पुन्हा फिरवलं. घुंई, घुंई, घुंई. ओव्हिडनं पाहिलं, तीच नावं. 'परत साचला असेल,' तो पुटपुटला आणि परत निघाला. ज्या अंगणात चिमूटभरही बर्फ नव्हता, तिथलं त्यानं गवत काढलं.

दिवे लागायच्या सुमारास ओव्हिडची बायको क्लॉडेट हिचा फोन आला.

"मर्टल, तुझी माणसं अंगणात बर्फ पिकवतात का गं?"

"का? काय झालं?"

"एकेका अंगणात दोनदा गेला माझा नवरा! पात्याचा दांडा तुटला, ट्रकनं मान टाकली, आणि हा टेबलावर डोकं ठेवून बुटांसकट झोपलाय. उद्या त्याला राजधानीला जायचंय. कशानं जाणार? तुमच्या आशीर्वादानं?"

"अंगणात?" मर्टल घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अगं, आम्ही मतासाठी फोन करत होतो."

"कसलं मत?"

मर्टलनं मडक्याखालची शेगडी बंद केली.

"मी नेते त्याला," मर्टल शेवटी म्हणाली. "माझ्या गाडीतून."

असं म्हणून तिनं दार उघडलं. दारात बर्फाची छातीएवढी भिंत उभी होती, आणि गाडीच्या जागी एक पांढरा उंचवटा, त्यातून आरशाचा एक कान वर आलेला. साऱ्या गावाला फोन करायला लावणाऱ्या बाईनं स्वतः ओव्हिडला फोन केलाच नव्हता. गावात तेवढं एकच अंगण राहिलं होतं.

मंडळातले बाकीचे सकाळी कामावर जाणार होते. क्लेटनकडे होता ट्रॅक्टर, पण ट्रॅक्टरनं राजधानी गाठेपर्यंत विधेयकाचा कायदा होऊन जुनाही झाला असता. मतदान बघायला तिथं जाणारी एकच गाडी गावातून निघणार होती, बर्फात घसरू नये म्हणून चारही चाकांना साखळ्या बांधलेली आणि लख्ख अंगणात उभी असलेली. क्लॉडेटनं तिच्या मालकिणीलाच गळ घातली.

सकाळी प्रूडन्सची गाडी मर्टलच्या फाटकापाशी थांबली, तेव्हा मर्टल कमरेएवढ्या बर्फातून पोहत रस्त्यावर आली होती. ओव्हिडला प्रूडन्सबरोबर दोन तास एकटं सोडायची तिची तयारी नव्हती. तिनं तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. घसा पुरता बसला होता.

"देवाला काळजी," प्रूडन्स म्हणाली. "बसा मागे."

ओव्हिड पुढच्या सीटवर होता. प्रूडन्सनं रेडिओ बंद केला, घसा खाकरला आणि विधेयकाच्या बाजूचा पहिला मुद्दा मांडायला सुरुवात केली. पहिलं वळण यायच्या आत ओव्हिड घोरू लागला.

"ओव्हिड! मी बोलतेय."

"होय बाई," तो झोपेतच म्हणाला, आणि आणखी खोल गेला.

मागून मर्टल पुढे वाकून त्याच्या उजव्या कानात फुसफुसली. प्रूडन्सनं डाव्या कानाशी आवाज चढवला. मध्ये ओव्हिड वाऱ्यातल्या सफरचंदाच्या झाडासारखा इकडे तिकडे डुलत, दोन्ही पक्षांना सारखंच घोरत राजधानीला पोचला.

विधानसभेच्या पायऱ्या बर्फाखाली गेल्या होत्या. वर एक पाऊलही उमटलेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं एका पहारेकऱ्यानं दार किलकिलं केलं.

"आज काही नाही. पुढं ढकललंय. आमदार येणार कुठून? निम्मे बर्फात अडकलेत आणि निम्मे बर्फ काढतायत. आता बर्फ वितळून चिखल सुकला की सभा भरेल."

"पण कळवायचं नाही का?" प्रूडन्सनं त्याला वर्गात बोलावं तसं विचारलं.

"काल दिवसभर एकेकाला फोन केले हो बाई. सगळे मिळाले. फक्त कुणी पेल्टिए म्हणून आहेत, त्यांचा फोन काही लागेना. बिचाऱ्यांच्या घरी काही वाईट झालं का हो?"

प्रूडन्सनं मर्टलकडे बघितलं. मर्टलनं बुटांकडे बघितलं. ओव्हिड म्हणाला, "हं."

परतताना प्रूडन्सनं वाटेत डोनट आणि कॉफी घेतली. ओव्हिड आता टक्क जागा होता, आणि दोन डोनट पोटात गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर रंगही आला होता.

"ओव्हिड," प्रूडन्स म्हणाली, "आता सरळ सांग. मत कुणीकडे देणार होतास?"

"विरोधात, बाई."

"कधी ठरवलंस?"

"विधेयक आलं तेव्हाच."

मागच्या सीटवर मर्टल ताडकन उठली आणि तिचं डोकं छताला आपटलं. तिच्या तोंडून नुसती हवा निघत होती, पण त्या हवेचा अर्थ कुणालाही कळला असता.

"मला कुणी विचारलंच नाही, मर्टलताई," ओव्हिड म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण असावं. "सगळे आले, पाठ थोपटली, कॉफी दिली. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"म्हणजे मी," प्रूडन्स सावकाश म्हणाली, "माझ्याविरुद्धचं मत माझ्याच पेट्रोलवर पोचवत होते."

"होय बाई."

प्रूडन्स हसली नाही, पण गाडी जरा हसल्यासारखी वाकडी चालली. दोन्ही बाजूंची झाडं खांद्यावर बर्फ घेऊन उभी होती.

"थिओ बर्नहॅम आठवतो?" तिनं कुणालाच न विचारता विचारलं. "दुसऱ्या बाकावर बसायचा. बापाचं बंदुकीचं कपाट उघडं राहिलं होतं. त्यानंतरही मी कितीतरी दिवस हजेरीत त्याचं नाव घेत होते. तोंडातून निघूनच जायचं. मला बंदुकांचा राग नाही, मर्टल. उघड्या कपाटांचा आहे."

गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पण मर्टलनं ते प्रूडन्सच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, कारण प्रूडन्स बोलू लागली की मर्टल नेहमी आधी बोलायची. आज घसा नव्हता. तिनं हात पुढे करून प्रूडन्सच्या खांद्यावर ठेवला आणि घाट उतरेपर्यंत काढला नाही.

ओव्हिडला घरी सोडून गाडी मर्टलच्या फाटकाशी आली, तेव्हा नोएला फावडं घेऊन व्हरांड्यापर्यंत वाट खणत होती.

"मावशी! फोन का उचलत नाहीस? जीव टांगणीला लागला माझा!"

मर्टल तिच्याकडे बघत राहिली. गाल लाल, टोपीवर बर्फ, हातात फावडं आणि पाठीमागे व्हरांडा. चिखल सुकेपर्यंत कुणाचं मत कसं फिरेल, कुणी सांगावं? आज तरी जुनाच कायदा चालू होता. ती घरात गेली आणि बाहेर आली ती वडिलांची रायफल घेऊन. ती उघडून आत गोळी नसल्याचं तिनं नोएलाला दाखवलं. नोएलानं फावडं भिंतीला टेकवलं आणि हातमोजे काढले. काय चाललंय ते तिला कळलं होतं.

रायफल देताना म्हणायच्या दोन ओळी होत्या. मर्टलचे वडील म्हणाले होते, त्यांचे वडीलही. ओळी म्हटल्याशिवाय द्यायची रीत नव्हती. मर्टलनं तोंड उघडलं. हवा आली. पुन्हा उघडलं. डोळ्यांत पाणी आलं, आवाज नाही.

तिनं वळून पाहिलं. फाटकापाशी प्रूडन्स गाडीत बसायच्या बेतात होती. मर्टलनं तिला हातानं बोलावलं आणि तिच्या कानाशी लागून फुसफुसत राहिली.

"मी?" प्रूडन्स म्हणाली. "मी म्हणू? हे?"

मर्टलनं मान डोलावली.

प्रूडन्स व्हिटकमनं कोट सारखा केला, ताठ उभी राहिली आणि शाळेच्या मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली,

"भरलेली समज हिला, रिती असली तरी;
पोटापुरतं माग रानाला, माज ठेव घरी."

मर्टलच्या हातातून रायफल नोएलाच्या हातात गेली. बर्फ थांबला होता. छपरावरून एकेक थेंब गळत होता. आणि प्रूडन्स थांबायच्या ऐवजी त्याच चालीत, त्याच सुरात, श्वासही न घेता पुढे म्हणाली,

"कपाटाला कुलूप घाल, किल्ली कमरेवरी."

"कपाटाला कुलूप घाल, किल्ली कमरेवरी," नोएलानं भक्तिभावानं मागून म्हटलं. "किती छान आहे गं मावशी. आजोबांनी केवढा विचार केला होता!"

मर्टलनं प्रूडन्सकडे बघितलं. प्रूडन्स डोंगराकडे बघत होती.

दुरुस्ती मांडली गेली होती. विरोधात कुणी बोललं नाही.