गव्हाला लागू पडले ते सर्वांना लागू

सहनशीलता हा सर्वश्रेष्ठ गुण आहे, विशेषतः दुसऱ्याच्या अंगी असलेला. या तत्त्वावर बहुतेक कार्यालये उभी आहेत. गहू संशोधन केंद्रही उभे होते, फक्त त्याचे सातही पंखे बंद होते. (दुरुस्तीची फाइल चालू होती. फाइल आणि पंखा एकाच वेळी चालू राहत नाहीत.)

तिथल्या संशोधिकेला सगळे गहूताई म्हणत. ऊन तापले की गव्हाचा दाणा चिकात, म्हणजे दुधाळ असतानाच चिमतो. ताईंनी तीन वर्षे खपून त्यावर फवारायचे औषध तयार केले: संकटात झाड स्वतःच तयार करते ते संजीवक चिमूटभर, जोडीला थोडे पालाश आणि जस्त. यंदा गरम वारे सुटले. साध्या वाफ्यात हजार दाण्यांचे वजन एकतीस ग्रॅम भरले, फवारलेल्यात सदतीस. ताईंनी तीनदा तोलून पाहिले आणि प्रयोगशाळेतच गिरकी घेतली. (गिरकीची नोंद प्रयोगवहीत नाही.)

साहेबांनी अहवाल वाचून मोजकेच प्रश्न विचारले.

"सावली दिली होती?"

"नाही."

"गव्हाने तक्रार केली?"

"साहेब, गहू आहे तो."

"म्हणजे नाही. मग हेच आपल्या लोकांवर फवारा."

"ते गव्हाचं औषध आहे, साहेब."

"आपले लोक काय खातात?"

"गहू."

"मग झालं तर."

दुपारी परिपत्रक निघाले: चौतीस कर्मचाऱ्यांनी रोज सकाळी दहाला फाटकापाशी रांगेत उभे राहावे, चष्मे काढावेत, पंख्याची फाइल बंद समजावी.

ताईंनी ते वाचून औषधाचा डबा उघडून पाहिला. औषध उरले होते एकाच फवारणी पंपापुरते, आणि उशिरा पेरलेल्या वाफ्यात दाणा नेमका चिकात होता. आज फवारले नाही तर वर्ष वाया जाणार होते. त्यांनी माळीकाकांना गाठले.

"काका, औषध वाफ्याला मारा. माणसांच्या पंपात नळाचं पाणी भरा."

"कुणी विचारलं तर?"

"या औषधाला वास नसतो म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी माळीकाकांनी पंप पाठीला लावून रांग भिजवली. रणरणत्या उन्हात ओली माणसे गार झाली, हे शास्त्राला धरूनच होते. पण उत्साह शास्त्राबाहेरचा होता. टंकलेखिका गुणगुणू लागल्या. लेखापाल दोनदा रांगेत आले. मोठे कारकून म्हणाले, "अंगात जस्त भिनल्यासारखं वाटतंय." कामाचा वेग अठरा टक्क्यांनी वाढला. (आधीचा वेग कुणी मोजलेला नव्हता.)

आठवडाभरात शेजारच्या तीन कार्यालयांनी औषधाची मागणी नोंदवली. ताईंना राहवेना. त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "ते साधं पाणी होतं. औषध मी गव्हाला दिलं."

साहेब रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माणसाला औषध लागतच नाही?"

"नाही, साहेब, मला म्हणायचं होतं..."

"मग पाणी तरी कशाला?"

नवे परिपत्रक निघाले: यापुढे फवारणी झाली असे समजावे. चौतीस जणांनी वाचून सह्या केल्या. लेखापालांनी सवयीने चष्मा काढला.

उशिराचा वाफा छत्तीस ग्रॅमला उतरला. ताई मूठभर टपोरे दाणे घेऊन मोठ्या कारकुनांच्या टेबलाशी गेल्या. कारकुनांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"गव्हाला पाय नसतात," ताई म्हणाल्या. "त्याला उठून जाता येत नाही, म्हणून औषध द्यावं लागतं. तुम्ही का बसून राहता?"

मोठ्या कारकुनांनी पायांकडे पाहून जरा विचार केला.

"बाहेर ऊन आहे ना, ताई."

यावर हसू आले असल्यास वाचकाने आपल्या इमारतीतली लिफ्ट बंद पडल्याला किती वर्षे झाली ते आठवावे. आठवत नसल्यास औषध लागू पडले आहे.