बकेट लिस्टची स्थळप्रत

निवृत्त होऊन अकरावा दिवस असावा. सकाळचे साडेदहा वाजले होते, पेपर जाहिरातींसकट वाचून संपला होता, आणि मी एक निर्णय घेतला. आपणही बकेट लिस्ट करायची.

हा शब्द मला निरोप समारंभात मिळाला होता. साहेब भाषणात म्हणाले, "आता तुम्ही तुमची बकेट लिस्ट पूर्ण करा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. (स्वतःच्या निरोपाला स्वतः टाळ्या वाजवायच्या नसतात, हे घरी आल्यावर कळलं.) मग मुलीला फोन करून अर्थ विचारला. ती म्हणाली, "बाबा, मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी असते ती. फिरणं, कॉन्सर्ट ऐकणं, असं काहीतरी." मी म्हटलं, "बरं बरं," आणि दहा दिवस तो विषय लांबणीवर टाकला. मरायची घाई कुणाला असते?

आता इथे माझ्या नोकरीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मी वेड्यासारखं केलं असं तुम्हाला वाटेल. (तसं ते वाटणारच आहे, पण निदान कारण तरी कळेल.) मी चौतीस वर्षं आवक-जावक विभागात कारकून होतो. बाहेरून आलेल्या कागदाला नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, पुढे सरकवायचा. आतून आलेला कागद पाकिटात घालायचा, पत्ता लिहायचा, धाडायचा. एवढ्या वर्षांनंतर माणसाला साधं काही लिहिताच येत नाही. मुलगी वसतिगृहात होती तेव्हा तिला मी लिहायचो, "आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले. त्यातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे." बिचारी रडायची म्हणे.

तर यादी करायला बसलो. कागद घेतला, वर नुसतं "यादी" लिहायला गेलो, पण हाताने आपोआप "प्रति" लिहिलं. आता प्रति म्हटल्यावर पुढे कुणीतरी हवं. हाताने लिहिलं, "मा. कार्यालय प्रमुख". खाली विषय : बकेट लिस्ट मंजूर होणेबाबत. मग महोदय, आणि मग मुद्दे.

एक, बर्फ पाहणे (फ्रीजमधला सोडून). दोन, दीपगृहाच्या सगळ्या पायऱ्या चढून वर जाणे. तीन, बासरीवाले बुवांची मैफल ऐकणे, सपत्नीक. चार, कुठल्याही गाडीत बसून शेवटच्या स्टेशनपर्यंत जाणे, ते कुठलं हे न विचारता. पाच, तरुण मुलं उड्या मारत ऐकतात तसल्या कॉन्सर्टला एकदा उभं राहणे (उड्या ऐच्छिक).

यातला तिसरा मुद्दा गंमत म्हणून नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मी बायकोला बुवांच्या मैफलीला नेतो म्हणालो होतो. ती संध्याकाळी तयार होऊन दाराशी बसली. मी ऑफिसात महिनाअखेरचं रजिस्टर जुळवत बसलो, कारण जावकीत एक पाकीट कमी भरत होतं. घरी आलो तेव्हा मैफल संपून माणसं रस्त्याने परतत होती. तिने कानातलं काढून डबीत ठेवलं आणि ताट वाढलं. त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही, आणि आमच्या घरात न काढलेला विषय हाच सगळ्यात मोठा असतो. मला तो इतकी वर्षं टोचत होता. ते कमी भरलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी माझ्याच डब्याच्या पिशवीत सापडलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता बुवा ऐंशीच्या पुढे गेलेले. ही शेवटची मैफल, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. शनिवारी सात वाजता. मी खिडकीवर रांगेत उभा राहून दोन तिकिटं आणली होती, सहावी रांग, अकरा आणि बारा नंबर. बायकोला आयत्या वेळी सांगून चकित करायचं असा बेत. तोवर तिकिटं लपवायची कुठे? म्हणून यादीच्या तळाशी लिहिलं, "सहपत्रे : तिकिटे दोन", सही ठोकली आणि सगळं एका पाकिटात घालून चिकटवलं. कोऱ्या पाकिटाकडे मला बघवत नाही. त्यावर ऑफिसचा पत्ता लिहिला आणि पाकीट खणात ठेवलं.

सोमवारी दुपारी बायको बाहेरून आली. चपला काढता काढता म्हणाली, "अहो, तुमचं ते ऑफिसचं पत्र टाकलं हो पेटीत. किती दिवस खणात पडलं होतं!"

मी खुर्चीतून उठलो तो पेपरासकट.

"तुम्ही तर तिकीटसुद्धा लावलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच लावलं."

"अगं, तिकिटं आत होती!"

"आत?" तिने माझ्याकडे काळजीने बघितलं. "तिकीट आतून लावून कसं चालेल? पोस्टमनला दिसणार कसं ते?"

आता काय बोलणार? चकित करायचं होतं ना! "विसरलोच," म्हणालो. ती म्हणाली, "निवृत्तीनंतर असं होतं म्हणतात. बदाम भिजत घालते."

पत्रपेटीपाशी जाऊन मी पोस्टमनची वाट पाहिली. तो म्हणाला, "काका, पेटीत पडलेलं पत्र असं हातात देता येत नाही. नियम आहे." नियम म्हटल्यावर मी मान डोलावली. (चौतीस वर्षांची सवय.) म्हटलं, जाऊ दे, ऑफिसात पोचेल, माझ्या जागेवर आलेल्या बाई हसतील आणि परत धाडतील.

बाई हसल्या नाहीत. गुरुवारी ऑफिसचं पत्र आलं, आणि ते बायकोने उघडलं.

"अहो, हे काय? 'आपला बकेट लिस्टबाबतचा अर्ज प्राप्त झाला. त्यात खालील त्रुटी आढळल्या. अर्ज तीन प्रतींत हवा. वयाचा पुरावा जोडावा. पत्नीचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे.' कसली हरकत? आणि बादल्यांची कसली यादी? घरात दोनच आहेत, त्यातल्या एकीची कडी तुटलीय."

मी तिला अर्थ समजावून सांगितला. बर्फ, दीपगृह, गाडी सांगितली, मैफल तेवढी गाळली.

"आणि हे ऑफिसला कळवावं लागतं?"

"सहसा नाही."

तिने मग पेन घेऊन तिथल्या तिथे प्रमाणपत्र लिहिलं. मी वाचलं. "यांच्या बर्फात जाण्यास माझी काहीही हरकत नाही. कितीही दिवस राहिले तरी चालेल. निघायची तारीख लवकर कळवावी, म्हणजे त्यांची खोली झाडून घेता येईल." एवढ्या उत्साहाने तिने लग्नाला तरी होकार दिला होता की नाही, कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात गेलो. माझीच खुर्ची, माझंच टेबल, माझाच स्टॅम्प पॅड. खुर्चीत बाई. शेवटचे सहा महिने त्यांना मीच शिकवलं होतं, आणि इतकी लक्ष देऊन शिकणारी माणसं धोकादायक असतात हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

"या सर! तुमच्याच प्रकरणावर काम चालू आहे."

"प्रकरण कसलं आलंय, बाई? ते चुकून टाकलं गेलं. पाकीट द्या, मी निघतो."

"चुकून कसं? पत्ता तुमच्या अक्षरात, खाली तुमची सही. तुम्हीच सांगितलं होतंत, आलेला कागद तो आला. कशाला आला, हे विचारणारे आपण कोण?"

हे मी खरंच म्हणालो होतो. वर टेबलावर हात आपटून म्हणालो होतो.

"बरं, प्रकरण राहू द्या. ती दोन तिकिटं तेवढी द्या. उद्याची आहेत."

"दोन?" बाईंचा चेहरा जरा उतरला. त्यांनी फाइल पुढे केली. "सर, दोन्ही सारखीच दिसली. नुसता अकरा आणि बारा एवढाच फरक. मला वाटलं, प्रत क्रमांक असेल. म्हणून एक मूळ प्रत ठेवली आणि एक स्थळप्रत केली."

स्थळप्रत म्हणजे ऑफिसातच राहणारी प्रत. फाइलच्या सातव्या पानावर बारा नंबरचं तिकीट होतं. डिंकाने चिकटवलेलं, पंच केलेलं, दोरीत ओवलेलं, आणि त्यावर तिरका शिक्का, "स्थळप्रत". पंचाचं भोक बरोबर त्या काळ्या चौकोनातून गेलं होतं, जो दारावरचं मशीन वाचतं. इतकं मध्यावर भोक पाडायला मीच त्यांना शिकवलं होतं. कागद आधी दुमडून बघायचा, मग पंच करायचा.

"हे काढता येईल का?"

"सर!" बाई हबकल्याच. "पान क्रमांक पडलाय. नंबर पडलेलं पान काढलं म्हणून तुम्हीच एकाला मेमो द्यायला लावला होतात."

तेही खरं होतं. शेवटी अकरा नंबरचं तिकीट मिळालं, तेही पोच लिहून दिल्यावर. बाराबद्दल बाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, गोल शिक्का मारला, "सत्यप्रत" लिहिलं आणि सही केली. "चालायला हवं सर," म्हणाल्या.

शनिवारी साडेसहाला बायकोला म्हटलं, "तयार हो. बुवांची मैफल आहे." ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा कानात तेच कानातलं होतं. ते अजून डबीत आहे हे मला माहीत नव्हतं.  मी रिक्षा बोलावली.

दारावरच्या माणसाने तिचं तिकीट मशीनखाली धरलं. टुंग वाजलं. मग माझा कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"काका, हे काय?"

"सत्यप्रत."

"ओरिजिनल कुठे आहे?"

"दप्तरी."

"कोणाच्या घरी?"

मशीनने त्या सत्यप्रतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. तिकीटखिडकीवर "हाउसफुल" लटकत होतं. मग बाजूला घेऊन मी बायकोला सगळं सांगितलं, यादी, खण, पाकीट, पंच. ती ऐकत होती. मध्येच थांबवून म्हणाली, "म्हणजे तिकिटं आत होती म्हणालात ती ही? आणि मीच नेऊन टाकली?" मी गप्प राहिलो. (एकतीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकलोय.)

"तुम्ही जा आत," ती म्हणाली. "यादी तुमची आहे."

"तू जा," मी म्हटलं. "बाकी होती ती तुझी."

ती गेली. तीनदा मागे वळून बघितलं, चौथ्यांदा नाही.

मी बाहेर पायरीवर बसलो. सभागृह वातानुकूलित, दारं जाड, बाहेर जनरेटरची घरघर. एकदा कुणीतरी उशिरा आलं, दार उघडलं, आणि मला बासरी ऐकू आली. फार तर दोन सेकंद. चांगली होती. शेवटी आतून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा मीही वाजवल्या. पहारेकऱ्याने बघितलं, मी थांबलो.

बायको बाहेर आली. डोळे लाल झालेले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. एकतीस वर्षांचं काहीतरी उतरलं अंगावरून.

"कशी झाली?"

"काय सांगू!" ती म्हणाली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आणि शेजारची खुर्ची रिकामी होती ना, पर्स ठेवायला छान जागा झाली."

पुढच्या आठवड्यात ऑफिसचं शेवटचं पत्र आलं. "मुद्दा क्रमांक तीन : अर्जदाराने मैफल सपत्नीक ऐकल्याचे फाइलमधील स्थळप्रतीवरून सिद्ध होते. सबब मुद्दा निकाली. एक, दोन, चार व पाचबाबत सहपत्रे सादर करावीत." म्हणजे कागदोपत्री मी सहाव्या रांगेत बसून बुवांना ऐकलंय. पुढेमागे कुणी वाद घातला तर पुरावा आहे, पान सात.

ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं आणि मोठेपणाने म्हटलं, "चल, आता आपण बर्फ बघायला जाऊ. तिकिटं काढतो."

"काढा की," ती कपाटातून स्वेटर काढत म्हणाली. "दोन काढा, आणि ऑफिसला पाठवा. एक परत आलं तरी मला पुरे."