पंख्यावरचा मोजा

आमच्या सिनेमात सगळ्यात तीक्ष्ण डोळे कोणाचे? माझे! कॅमेऱ्याचेसुद्धा नाहीत, कारण तो लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून मागून आणलाय आणि त्याच्या काचेवर ओरखडा आहे. माझं काम कंटिन्युइटी. म्हणजे काल शूटिंग थांबलं तेव्हा कप जिथे होता, तिथेच तो आज हवा. नाहीतर पडद्यावर कप टुणकन उडी मारून खिडकीत जातो!

सिनेमाही भारी. बायको सोडून गेली म्हणून एक माणूस घर आवरणंच सोडून देतो. दिग्दर्शक माझा मावसभाऊ, दादा. घर मावशीचं. पसारा माझा! मावशी रोज दारात उभी राहून स्वतःच्या हॉलकडे बघायची, जसं काही आत पेशंट झोपलाय.

"नुसता केर काढू का गं?"

"हात तर लावून बघ, मावशी!"

पंख्याच्या पात्यावर लोंबणारा मोजा काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा. "अगं, एकच नेलास. उरलेला काय कानात घालू?" ते विचारायचे.

"कलेसाठी एवढं सोसा, काका!"

आता खरी गोम ऐका. शाळा सोडल्यापासून मी मेडिकलवाल्याशी भांडले, सायकलवाल्याशी भांडले, दोन्हीकडच्या कामावरून बाहेर. शेवटी बाबा म्हणाले, "इथूनही हाकललं, तर परत शाळा. धाकट्याच्या वर्गात!" धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्या नालायकाने त्याच्या बाकावर माझ्यासाठी जागापण पुसून ठेवली होती!

तरी एक दिवस कॅमेरावाल्याशी वाजलंच. त्याने आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं, "चहा कोण आणतंय? कंटिन्युइटी मोकळीच असते." मोकळी? मी? माझं डोकंच सटकलं! मी ग्रुप सोडला. असा सोडला, की त्याला दार असतं तर चौकटीसकट खाली आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मावशीकडे पोचले, दार ढकललं आणि बघते तर काय! हॉल चकाचक! फरशीत माझं तोंड दिसत होतं, तेही रडवेलं. कप गेले, कपड्यांचा ढीग गेला, मी प्रेमाने साठवलेली धूळसुद्धा गेली!

खुर्चीत काका. दोन्ही पायांत मोजे, चेहऱ्यावर स्वर्गसुख.

"मावशी कुठंय?"

"भाजीला गेली. पहाटेपासून घासत होती. गाणं म्हणत!"

गाणं! माझं वाटोळं करून गाणं!

रडायला वेळ नव्हता. माझ्या फोनमध्ये पसाऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो होते. कपाटातले कपडे ओढून ढीग केला. चहाच्या कपाचे गोल ठसे टेबलावर उठवले. धुळीसाठी पावडरचा आख्खा डबा फुंकला. राहता राहिला मोजा.

"काका, पाय."

"नाही!"

"काका, पाय वर!"

ते खुर्ची धरून, मी मोजा धरून. शेवटी मोजा माझ्याकडे आला, काका खाली आले.

मोजा पंख्यावर चढवला, तेवढ्यात दादा, कॅमेरावाला आणि हिरो-हिरॉईन आले. मी छाती काढून म्हणाले, "घाबरू नकोस दादा. तुझ्या आईने आवरलं होतं, पण मी सगळं जसंच्या तसं केलंय!"

दादा मटकन खाली बसला. पावडरचा ढग उठला.

"अगं, आज बायको परत येते! शेवटचा सीन! घर आवरलेलं हवं! आईला मीच सांगितलं, ग्रुपवरपण सगळ्यांना लिहिलं!"

"ग्रुपवर?" माझा आवाज उंदरासारखा आला.

"ती मोकळी झाली ना ग्रुपमधून," कॅमेरावाला म्हणाला.

हिरॉईन उद्या गावाला जाणार, कॅमेरा आज परत द्यायचा, आणि लाइट आमच्याकडे एकच, खिडकीतलं ऊन. ते सरकायला लागलं होतं. मला माझं बाक दिसायला लागलं.

दारात मावशी. तिने पसारा बघितला, मला बघितलं. वाटलं, आता लाटणंच येणार! पण तिने पदर खोचला. "बघताय काय? उठा सगळे!"

असा दिग्दर्शक मी जन्मात बघितला नाही! हिरोने फरशी पुसली. हिरॉईन शिंकत शिंकत टेबल घासत होती. दादा गादीखाली कपडे कोंबत होता. ऊन खिडकीतून निघता निघता शॉट झाला.

"तुझं काय करायचं ते संध्याकाळी बघतो," दादा मला म्हणाला.

संध्याकाळी आम्ही सगळे छोट्या स्क्रीनवर शॉट बघायला बसलो. सुंदर घर. दारात हिरॉईन, डोळ्यांत पाणी. आणि तिच्या बरोबर डोक्यावर, पंख्याला, मोजा!

कुणालाच दिसला नाही. मलाच दिसला, कारण मेले हे तीक्ष्ण डोळे! गप्प बसले असते तर वाचले असते. पण काम म्हणजे काम.

"दादा... मोजा."

दादाने बघितलं. पुन्हा लावून बघितलं. मी मनात दप्तर भरायला घेतलं.

"वा!" तो ओरडला. "सगळं आवरलं, पण एक गोष्ट राहिलीच! काय शेवट आहे! कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं असंच," मी म्हणाले. घरी जाऊन धाकट्याला सांगितलं, बाकावर पाय पसरून बस. मग दादाला सांगून गुपचूप ग्रुपमध्ये परत गेले आणि चहा घेऊन येते म्हणून लिहिलं.

सिनेमा दाखवला तेव्हा लोकांनी मोज्याला टाळ्या वाजवल्या! एकाने अर्थ विचारला. दादा उभा राहिला. उरलेलं एकटेपण, अपुरं नातं, बरंच काही बोलला. सगळे गंभीर झाले.

मागून काका उठले.

"ते सगळं पटलं. पण तो मला परत कधी मिळणार?"